मदत हवी आहे: पत्रकाचा मजकूर मुक्त आहे, मग परवान्याची ओळ कोणती टाकू? (तातडीचे)

निळीशाई
उद्या सकाळी अकरापर्यंत पत्रक छापखान्यात द्यायचंय. मुक्त सॉफ्टवेअरची ओळख करून देणारं साधं घडीपत्रक आहे. मजकूर तयार, मांडणी तयार, आणि आता आमच्यातल्याच एकाने फाटा फोडला की परवान्याचं काय. अरे, मुक्त सॉफ्टवेअरचाच प्रचार, त्यांचाच मजकूर, आणि वाटणार फुकट. कोण कशाला हरकत घेईल? तरी विचारून घेते. खाली कोणती ओळ टाकायची तेवढं सांगा. लांबण नको, वेळ नाहीये.

तळटीप
मजकूर कुठून घेतला? जसाच्या तसा की बदलून? भाषांतर केलंय का? हे कळल्याशिवाय ब्रह्मदेवालाही ओळ सांगता येणार नाही.

पेंग्विनप्रेमी
सीसी-झीरो, म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्सचा (सीसी) सगळे हक्क सोडून देणारा परवाना, टाका आणि मोकळ्या व्हा. मी माझं सगळं लेखन तसंच सोडतो. नावाचा सोस हवाय कशाला?

तळटीप
@पेंग्विनप्रेमी, तुमचं लेखन तुमचं आहे म्हणून सोडता येतं. दुसऱ्याच्या मजकुराला सीसी-झीरो लावणं म्हणजे शेजाऱ्याची सायकल दान करणं.

निळीशाई
थोडं इंटरनेटवरून, थोडं एका गटाच्या जुन्या पत्रकातून. भाषांतर अर्थातच केलंय. सगळं मुक्तच आहे.

जुनाखोड
ताई, "इंटरनेटवरून" हा पत्ता झाला नाही. पान कोणतं? पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत परवाना लिहिलेला असतो, तो वाचलात का?

अर्धविराम
मांडणी स्क्रायबसमध्ये केली असेल तर पीडीएफमध्ये फॉन्ट आत बसवलेत ना ते बघा. माझ्या एका पत्रकात सगळी जोडाक्षरं फुटून आली, गठ्ठाच्या गठ्ठा रद्दीत गेला. रंगही सीएमवायकेमध्ये (छपाईच्या चार शाईंत) हवेत.

निळीशाई
अर्धविराम, फॉन्टचं झालंय, तो प्रश्नच नाहीये. @जुनाखोड: मुक्त सॉफ्टवेअर देतं त्या चार स्वातंत्र्यांचा भाग जीएनयू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या संकेतस्थळावरून, इतिहासाचा परिच्छेद इंग्रजी विकिपीडियावरून, आणि "जुन्या संगणकाला नवं आयुष्य" हा भाग त्या गटाच्या पत्रकातून. झालं समाधान?

जुनाखोड
आता बोलता येईल. तिन्हींची गोष्ट वेगळी आहे, त्यामुळे एका ओळीत भागणार नाही.

विकिपीडिया सोपा. तिथला मजकूर सीसी बाय-एसए ४.० खाली आहे (२०२३ पर्यंत ३.० होता). भाषांतर करा, काटछाट करा, विकलंत तरी चालेल. अटी अशा की श्रेय द्यायचं, बदल केल्याचं सांगायचं, आणि तुमचा परिच्छेदही त्याच परवान्याखाली सोडायचा. लेखकांची यादी छापायची गरज नाही, लेखाचं नाव आणि पत्ता दिलात की श्रेय पोचतं.

जीएनयूचं पान मात्र नीट वाचा. तिथे सीसी बाय-एनडी ४.० आहे. एनडी म्हणजे जसंच्या तसं कितीही वाटा, पण बदललेलं वाटायचं नाही. आणि भाषांतर हा बदलच धरला जातो. घरी करून ठेवलंत तर कोणी विचारणार नाही, पण छापून वाटायला परवानगी लागते.

त्या गटाच्या पत्रकावर परवाना लिहिलाय का? नसेल तर सगळे हक्क त्यांचे. काही लिहिलं नाही म्हणजे मुक्त, हा समज आपल्याच लोकांत सर्वांत जास्त आहे.

पेंग्विनप्रेमी
हे म्हणजे कमाल आहे! बदलायचं स्वातंत्र्य शिकवणारं पान, आणि तेच बदलायला मनाई?

तळटीप
विसंगती वाटते, पण त्यामागे विचार आहे. जीएनयू सुरू करणारे रिचर्ड स्टॉलमन यांचं म्हणणं असं की सॉफ्टवेअर, पाककृती, शब्दकोश ही कामाची वस्तू आहे, ती बदलता आलीच पाहिजे. पण माणसाचं मत मांडणारा लेख बदलला तर त्याने न म्हटलेलं त्याच्या तोंडी जातं. मला स्वतःला हे अर्धंच पटतं. प्रचाराचा मजकूर भाषांतराशिवाय पोचणार कुठे?

पेंग्विनप्रेमी
मला तर पावभरही पटत नाही. याच वृत्तीतून जीएफडीएल या जीएनयूच्या पुस्तिकांसाठीच्या परवान्यात "न बदलता येणारे भाग" आले. शेवटी २००६ मध्ये डेबियन या लिनक्स वितरणाला मतदान घेऊन ठरवावं लागलं की असे भाग असलेली पुस्तिका मुक्त मानायची नाही.

वाटसरू
लिनक्सवर एक्सेलचे मॅक्रो चालतात का?

जुनाखोड
@वाटसरू, वेगळा धागा काढा हो.

निळीशाई
गटाच्या पत्रकावर काहीच लिहिलेलं नाही. पण ते आपलेच लोक आहेत! बरं, मी असं करते, सगळ्याला बाय-एनसी-एसए टाकते, म्हणजे कोणी विकणार नाही आणि कोणाची तक्रारही येणार नाही.

तळटीप
नाही चालणार. विकिपीडियाच्या परिच्छेदावर तुम्ही जादा बंधन घालू शकत नाही. शिवाय एनसी, म्हणजे व्यापारी वापराला मनाई, लावलं की ते मुक्त राहत नाही. उद्या कोणी हे पत्रक छपाईच्या खर्चापुरते पैसे घेऊन वाटलं तर ते व्यापारी की नाही यावर दोन दिवस वाद होईल. लिनक्सच्या पहिल्या परवान्यातही पैसे घ्यायला मनाई होती. १९९२ मध्ये लिनक्स लिहिणाऱ्या टोरवाल्ड्सनी ती काढून जीएनयूचा जीपीएल परवाना घेतला, नंतरचं सगळ्यांना माहीत आहे.

सरळमार्गी
लिनक्स नव्हे, जीएनयू-लिनक्स. पूर्ण प्रणालीत जीएनयूचाही वाटा आहे.

पेंग्विनप्रेमी
आला! इथे टोरवाल्ड्सच्या कर्नलबद्दल, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याबद्दल चाललंय, तिथे लिनक्सच म्हणतात.

सरळमार्गी
पत्रकात तरी बरोबर लिहा एवढंच म्हणणं आहे.

जुनाखोड
दोघेही थांबा. ताई, मुखपृष्ठावर चित्र काय आहे?

निळीशाई
फायरफॉक्सचा कोल्हा. आता त्याचंही काही आहे का?!

जुनाखोड
आहे. बोधचिन्हाला व्यापारचिन्हाचे नियम लागतात, कोड मुक्त असला तरी. याच भानगडीत डेबियनने २००६ पासून दहा वर्षं फायरफॉक्स "आइसवीझल" या नावाने दिला होता. त्यापेक्षा लिनक्सचं चिन्ह असलेला टक्स पेंग्विन घ्या. लॅरी यूइंग यांनी १९९६ मध्ये गिंप या चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेला, आणि अट इतकीच की कोणी विचारलं तर त्यांचं आणि गिंपचं नाव सांगायचं. इतका मोकळा परवाना मी दुसरा पाहिला नाही.

बाकी दोन कामं आज रात्रीत होतील. चार स्वातंत्र्यं स्वतःच्या शब्दांत लिहा. कल्पनेवर हक्क नसतो, शब्दांवर असतो. मूळ पान मिटून ठेवा आणि शेजारणीला सांगितल्यासारखं लिहा: हवं तसं चालवा, उघडून पाहून बदला, प्रती वाटा, बदललेलीही वाटा. पाच ओळी होतात. आणि त्या गटाला आत्ताच ईमेल टाका. "वापरू का" असं मोघम विचारू नका. "सीसी बाय-एसए ४.० खाली वापरायला देता का" असं विचारा, नाहीतर तुम्हाला होकार मिळेल आणि तुमच्यानंतर छापणारा पुन्हा अडकेल.

अर्धविराम
फॉन्ट कोणता वापरलाय ते नाही सांगितलंत. ओएफएल या मुक्त फॉन्टच्या परवान्याचा असेल तर पत्रकाला तो परवाना लागत नाही, घाबरू नका.

निळीशाई
मुक्ता. आणि मी घाबरलेली नाही, वैतागलेली आहे.

निळीशाई
(दोन तासांनी) गटाकडून उत्तर आलं. आनंदाने देतो म्हणाले, परवान्याला हो म्हणाले. आणि खाली सहज लिहिलंय की त्यातले पहिले दोन परिच्छेद त्यांनी विकिपीडियावरूनच उचलले होते, श्रेय द्यायचं राहून गेलं!!

तळटीप
:) मग त्या दोन परिच्छेदांचा परवाना त्यांच्या हातात नव्हताच, तो तुम्हाला थेट विकिपीडियाच्या लेखकांकडून मिळतो. गटाचं श्रेय त्यांनी स्वतः भर घातली त्यापुरतं. ते कुठल्या लेखातून घेतलं ते विचारून घ्या. आणि त्यांनाही सांगा की जुन्या पत्रकात श्रेय टाका. अट मोडली की हक्क जातात, पण ४.० मध्ये चूक कळल्यापासून तीस दिवसांत सुधारली तर हक्क आपोआप परत मिळतात.

निळीशाई
विचारलं, लेखाचं नाव मिळालं. चार स्वातंत्र्यं नव्याने लिहिली, खरं तर आधीपेक्षा बरी झाली. कोल्हा गेला, पेंग्विन आला. ओळ अशी: "या पत्रकातील मजकूर क्रिएटिव्ह कॉमन्स बाय-एसए ४.० परवान्याखाली. काही भाग इंग्रजी विकिपीडियावरील लेखांतून भाषांतरित व संक्षिप्त." खाली दोन्ही लेखांची नावं, पत्ते आणि गटाचं नाव. पाठवू?

जुनाखोड
परवान्याचाही पत्ता द्या, नुसतं नाव पुरत नाही. मग पाठवा.

सरळमार्गी
शीर्षकात जीएनयू-लिनक्स लिहिलंत ना?

वाटसरू
मॅक्रोचं कोणी सांगेल का?