रोमिओ-ज्युलिएटला मुलांसाठी जिवंत ठेवावे का?

धागाकर्ती, अमळनेर
आमच्या सुट्टीतल्या वाचनवर्गात पाचवी-सहावीच्या मुलांना मी २०११ चा ‘नोमिओ अँड ज्युलिएट’ हा ॲनिमेशनपट दाखवला. शेक्सपिअरच्या नाटकातली व्हेरोनाची दोन वैरी घराणी इथे शेजारशेजारच्या बागांतले मातीचे दाढीवाले बुटके झाली आहेत. एक बाग निळ्या टोप्यांची, दुसरी लाल. मुले पोट धरून हसली, त्याबद्दल तक्रार नाही. माझी तक्रार शेवटाबद्दल आहे. नाटकात वैर मिटते ते दोन कोवळे जीव गेल्यावरच. चित्रपटात मात्र दोघे ढिगाऱ्यातून सुखरूप बाहेर येतात, आणि लाल बागेतल्या ज्या टिबाल्ट नावाच्या बुटक्याचे तुकडे झाले होते तोही चिकटवून पुन्हा उभा केला जातो. भांडणाची किंमत कोणालाच मोजावी लागत नसेल, तर मुलांपर्यंत नाटकातले काय पोहोचले? साने गुरुजींनी शिकवलेल्या या गावात श्यामच्या आईचे मरण वाचून मुलांच्या पिढ्या रडल्या आहेत आणि त्या रडण्याने कोणाचे बिघडल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

प्रतिसाद, भुसावळ
ताई, आपण शेवट जरा घाईने पाहिलात असे वाटते. ढिगाऱ्याखाली दोघेही संपले असे समजून दोन्ही बागांचे प्रमुख शोक करतात आणि वैर तिथेच टाकून देतात. नोमिओ आणि ज्युलिएट बाहेर येतात ते त्यानंतर. किंमत मोजली जाते, ती फक्त परत मिळते. शिवाय चित्रपट लपवाछपवी करत नाही. सार्वजनिक उद्यानातला शेक्सपिअरचा पुतळाच नोमिओला मूळ कथेतले मरण सांगतो, आणि नोमिओ त्याच्याशी वाद घालतो. राहिला शेवट बदलण्याचा गुन्हा, तर तो जुना आहे. नेहम टेट या कवीने १६८१ मध्ये शेक्सपिअरच्याच ‘किंग लिअर’ या शोकान्तिकेचा शेवट गोड केला, लिअरची मुलगी कॉर्डेलिया हिचे लग्न लावून दिले, आणि इंग्रज प्रेक्षक सुमारे दीडशे वर्षे तोच लिअर पाहत राहिले, तेही मोठी माणसे! आपल्या संस्कृत नाटकांचाही शेवट बहुधा भरतवाक्याने, म्हणजे मंगल कामनेनेच होतो.

धागाकर्ती
शोकाचा मुद्दा मान्य. तो माझ्याकडून निसटला. टेटचा दाखला मात्र मला पटत नाही, कारण तो लिअर पुढे रंगभूमीवरून गेला आणि दुःखान्त लिअर परत आला. शिवाय नाटकातले मरण एका साध्या चुकीने येते: प्लेगच्या संशयाने निरोप्या साधूला घरात कोंडतात आणि रोमिओला पत्र मिळतच नाही. टाळेबंदी पाहिलेल्या मुलांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

प्रतिसाद, चोपडा
दोघांच्याही नजरेतून सुटलेली एक गोष्ट सांगतो. नाटकाच्या अखेरीस मुले गमावलेले दोन्ही बाप एकमेकांच्या मुलांचे सोन्याचे पुतळे उभारण्याचे वचन देतात. (तिथेही चढाओढच, ही खोड जात नाही.) नाटक पुतळ्यांवर संपते आणि चित्रपट पुतळ्यांपासूनच सुरू होतो, मला ही निव्वळ गंमत वाटत नाही.
आता टिबाल्टबद्दल. गेल्या पोळ्याला माझ्या नातवाच्या मातीच्या बैलाचे शिंग मोडले. मी ते फेविकॉलने चिकटवले, वर गेरूचा हातही फिरवला. पोराने बैल हातात घेतला, सांध्यावरून बोट फिरवले आणि पूजेच्या पाटावर तो जोडीपासून वेगळा, कडेला ठेवला. चिकटवलेले ते चिकटवलेलेच, हे सात वर्षांच्या मुलालाही कळते.

धागाकर्ती
बैलाचा दाखला माझ्या बाजूचा की तुमच्या, हे मला अजून ठरवता येत नाही. येत्या शनिवारी पत्र न पोहोचल्याचा प्रवेश मुलांना मराठीत वाचून दाखवते आणि त्यानंतर चित्रपटाचा शेवट पुन्हा लावते.