2012 ची हायब्रिड कोकणात घेणं हा खरंच वेडेपणा आहे का?

गुहागरकर
काल एकाने इथे लिहिलं की 2012 ची प्रियस, म्हणजे टोयोटाची पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर असलेली हायब्रिड, ही चाकांवर ठेवलेली मेलेली बॅटरी, आणि खाऱ्या हवेत ती आणणारा माणूस पैसे समुद्रात टाकतो. माझ्या अंगणात तीच गाडी उभी आहे. दोन पावसाळे झाले, गुहागर-चिपळूण-कराड अशा 31 हजार किलोमीटरच्या खेपा झाल्या, बॅटरी मूळचीच आहे. म्हणून सविस्तर लिहितो.

भीती नको तिथे दाखवली जाते याचा मला राग आहे. या गाडीत वेगळा स्टार्टर नाही, आल्टरनेटर नाही, क्लच नाही. इंजिनावर बाहेरचा एक पट्टासुद्धा नाही, एसी आणि पाण्याचा पंप विजेवर चालतात. घाटात जे झिजतं, त्यातलं निम्मं या गाडीत बसवलेलंच नाही. कुंभार्ली घाट उतरताना ब्रेकऐवजी मोटर गाडीला अडवते आणि तीच वीज बॅटरीत जाते. बॅटरी भरली की गिअर 'बी'मध्ये टाकायचा, मग इंजिन धरून ठेवतं.

बॅटरीत 28 मोड्यूल, म्हणजे छोटे भाग, असतात आणि गाडीचा संगणक त्यांच्या 14 जोड्या मोजतो. मी व्यवहाराआधी या संगणकाचे आकडे दाखवणारा स्कॅनर लावून कुंभार्ली चढलो. शेजारी बसलेला भाचा आकडे वाचत होता. सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची जोडी यांत पाव व्होल्टचाही फरक नव्हता. एखादी जोडी चढावर एक-दीड व्होल्टने खाली बसली असती, तर तिथूनच गाडी मालकाच्या दारात नेऊन उभी केली असती. आरसीवरचं वर्ष बघून बॅटरी ओळखता येत नाही.

गॅरेजवाला_खेड
बॅटरीचा अभ्यास छान केलात. इंजिनाचं काय? या पिढीच्या प्रियसमध्ये ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत सोडायचा धूर थंड करणारा भाग, काजळीने तुंबतो आणि पुढे हेड गॅस्केट, म्हणजे इंजिनाच्या डोक्याखालची सील, जातं. रात्रभर उभी गाडी सकाळी सुरू करताना थरथरली, किंवा खाली एक थेंब नसताना कूलंट (इंजिन गार ठेवणारं पाणी) कमी होत गेलं, की समजायचं. विकणारा तुम्ही पोचायच्या आधीच गाडी गरम करून ठेवतो. बोनेटला हात लावा. गरम लागला तर चहा पिऊन परत या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला जा. तुम्ही गेला होतात का?

देवगडचो_झिल
तुमचा सगळा खरा आसा, पण स्कॅनर घेवन घाट चढतलो कोण? देवगडात ह्या गाडयेक हात लावणारो एक माणूस माका दाखवा. मोठ्या बॅटरीची नारंगी वायर बघल्यान काय मेस्त्री बोनेट बंद करता. माझी जुनी डिझेल आचऱ्याक बंद पडली तरी थयचो मेस्त्री तासाभरात तिका उभी करता. गाडी बरी आसा म्हणान भागणा नाय, गावात तिचो वैद्य होयो.

गुहागरकर
देवगडकर, हे मान्य करावं लागेल. माझ्याही गाडीचा वैद्य कोल्हापुरात आहे. पण तुमची डिझेल वर्षातून किती वेळा बंद पडते तेही लिहा.

गॅरेजवाला_खेड
वैद्य नसला तर काय होतं ते ऐका. एकाच्या हायब्रिडचा एसी गार होईना. जवळच्या दुकानात नेली, त्यांनी नेहमीचं तेल घातलं. एसीच्या विजेवरच्या कॉम्प्रेसरला वेगळं तेल लागतं, कारण त्याच्या आत उच्च दाबाची वीज खेळते. साध्या तेलाने इन्सुलेशन गेलं, डॅशबोर्डवरचे धोक्याचे सगळे दिवे लागले आणि गाडी टोचन करून माझ्याकडे आली. कॉम्प्रेसर बदलावा लागला. गाडीचा दोष शून्य, तरी पैसे मालकाचेच गेले.

दादरहून_दापोली
माझीही आहे, विकायची आहे. अकरा वर्षांत फक्त 38 हजार किलोमीटर. गणपती, शिमगा आणि मे महिना, एवढीच फिरते. एरवी दापोलीला घराच्या पडवीत झाकून असते. तरी लोक भाव पाडून मागतात.

गॅरेजवाला_खेड
राग मानू नका, मी ही गाडी भाव पाडूनही घेणार नाही. या गाडीची मोठी, निकेल-मेटल हायड्राइडची बॅटरी उभ्या उभ्या रिकामी होते, आणि सगळी मोड्यूल सारखी रिकामी होत नाहीत. डिकीतली 12 व्होल्टची बॅटरी आधी बसते. घरचा चार्जर तीच उठवतो, मोठी नाही. त्यात मागच्या सीटच्या बाजूला बॅटरीला हवा देणारी जाळी असते. पडवीत उंदरांनी तिथे कापूस नि भाताचा कोंडा नेऊन भरलेला मी दोनदा काढलाय. हवा कोंडली की पॅक तापतो. रोज साठ किलोमीटर पळणारी दीड लाख किलोमीटरची गाडी मला चालेल, तुमची नको.

दादरहून_दापोली
म्हणजे आम्ही गाडी जपली हा आमचा गुन्हा? वर्षातून तीनदा गावी येतो तेव्हा आमचे पैसे चालतात, गाडी मात्र नको. आणि रोज चालवायची कुठून? 2011 ला मुंबई-गोवा महामार्गाचं पनवेल-इंदापूरचं काम काढलं, तेव्हा मुलगी बालवाडीत होती. आता ती कॉलेजात आहे. रस्ता धड असता तर दर शनिवारी आलो असतो.

रत्नागिरी_साठेबाज
रस्त्याचं रडगाणं दुसऱ्या धाग्यावर घ्या. जुनी हायब्रिड घेणाऱ्याला माझा एकच नियम: चिपळूणची गाडी म्हटली की पाठ फिरवायची. 2021 च्या पुरानंतर तिथली प्रत्येक गाडी संशयित आहे.

वाशिष्ठीकाठची
प्रत्येक गाडी? 22 जुलैला पहाटे पाणी आलं तेव्हा मी सासूबाईंना धरून माळ्यावर बसले होते. खाली आमची गाडी टपापर्यंत बुडाली. आमच्या गल्लीतल्या सात गाड्या टोचन करून गेल्या, त्यातली एकही चिपळुणात परत आली नाही. विम्याने निकालात काढलेल्या गाड्या लिलावात जातात, बाहेरचे लोक घेतात, धुतात, वाळवतात. परराज्यात गेली की नंबरही बदलतो. चिपळूणकर पुरातली गाडी लांबून ओळखतो, तो ती कशाला घेईल? ती तुमच्यासारख्यांच्या दारात येते. आणि एमएच 08 तर अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्याचा आहे, तुमच्याही गाडीचा.

रत्नागिरी_साठेबाज
मी पुरातली गाडी घेऊन चार लाख घालवलेत बाई. मला शिकवू नका.

वाशिष्ठीकाठची
घेतलीत कुठून ते लिहा ना.

रत्नागिरी_साठेबाज
पुण्यातून. एका दलालाकडून.

वाशिष्ठीकाठची
मग आमच्या गावाच्या नावाने बोटं का मोडता? आता शिकवतेच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. सीटच्या खाली हात घालून स्प्रिंग चाचपा. डिकीतला स्टेपनीचा खळगा बघा, शाम्पूचा वास येत असेल तर जास्तच बघा. हायब्रिडमध्ये मोठी बॅटरी मागच्या सीटमागे अगदी खाली असते. डिकीत वीतभर पाणी शिरलं तरी मोड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्ट्या हिरव्या पडायला लागतात. गुहागरकरांचे 14 आकडे त्या दिवशी सरळ दिसतील, सहा महिन्यांनी बघा.

गुहागरकर
ताई, हे मला माहीत नव्हतं. मी सीटबेल्ट ओढला नव्हता. आत्ता ओढून आलो, स्वच्छ आहे.

रत्नागिरी_साठेबाज
ठीक आहे, 'प्रत्येक' हा शब्द मागे घेतो. दलालांबद्दलचं माझं मत तसंच राहील.

देवगडचो_झिल
खेडवाल्यांच्या प्रश्नाचा उत्तर ऱ्हवला. सकाळी सहाक गेल्लास काय?

गुहागरकर
नाही. दुपारी गेलो होतो, बोनेट गरम होतं. मालक म्हणाले आत्ताच बाजारातून आलो, मी विश्वास ठेवला.

गॅरेजवाला_खेड
उद्या सकाळी चावी लावायच्या आधी कूलंटची टाकी बघा आणि इथे लिहा.

गुहागरकर
पाहिलं. खालच्या रेघेच्या बोटभर खाली आहे. मागच्या महिन्यातच भरलं होतं, तेव्हा उन्हाळा म्हणून सोडून दिलं. थरथर नाही, निदान आज तरी नाही. बॅटरीबद्दल लिहिलेला एक शब्दही मी बदलत नाही. खेडवाले, रविवारी गॅरेज उघडं असतं का? ईजीआर कूलर उघडायचा आहे.