मदत हवी आहे: अल्बर्ट थरगूडचे गोल मोजायचे कसे?

नमस्कार मंडळी,

मी मेलबर्नला राहते. लेक दर शनिवारी 'फुटी' खेळायला जाते, तिच्यामुळे मलाही या ऑस्ट्रेलियन फुटबॉलचं वेड लागलं. आता इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी अल्बर्ट थरगूडवर लेख लिहितेय. लेख होत आलाय, पण एका आकड्यावर अडलेय: त्याचे एकूण गोल किती लिहू?

थरगूड हा एसेंडन क्लबचा फॉरवर्ड. याद्यांमध्ये त्याच्या नावापुढे बहुतेक ठिकाणी 46 सामने आणि 89 गोल एवढंच असतं. हे फक्त व्हीएफएलचे, म्हणजे व्हिक्टोरियन फुटबॉल लीगचे. पण ती लीग सुरूच झाली 1897 साली! त्याआधी व्हीएफए (व्हिक्टोरियन फुटबॉल असोसिएशन) ही स्पर्धा होती, आणि तिथे त्याने 1892 मध्ये 56, 1893 मध्ये 64, 1894 मध्ये 63 गोल केले होते. तीन मोसमांत 183. एसेंडनने 1891 ते 1894 अशी सलग चार अजिंक्यपदं जिंकली, त्यातल्या तीन वर्षी हा संघात होता. क्लब तोच, ईस्ट मेलबर्नचं मैदान तेच, खेळणाराही तोच. मग 89 वर थांबणं हा मला त्याच्यावर अन्याय वाटतो.

सरळ बेरीज करायलाही हात धजत नाही. व्हीएफएमध्ये निकाल फक्त गोलांवर लागायचा; 'बिहाइंड'ला, म्हणजे चेंडू बाजूच्या खांबांमधून गेला तर, गुण नव्हता. व्हीएफएलने गोलाला 6 आणि बिहाइंडला 1 गुण ठेवला. संघातले खेळाडूही 1899 पासून 20 चे 18 झाले.

शिवाय मधली वर्षं आहेतच. सोन्याच्या खाणींमुळे पश्चिम ऑस्ट्रेलियाकडे माणसांची रीघ लागली होती, त्या काळात 1895 ते 1897 तो फ्रीमँटलकडून खेळला. ती तिसरीच स्पर्धा. परत आल्यावर व्हीएफएलच्या 1901 च्या अंतिम सामन्यात कॉलिंगवुडविरुद्ध एसेंडनच्या 6 गोलांपैकी 3 त्याचे!

तर एकच बेरीज द्यावी, की तीन स्पर्धांच्या तीन ओळी? आकडेवारीवर काम करणाऱ्यांनी कृपया सांगा. पर्थ-फ्रीमँटलकडे कुणी असेल तर ट्रोव्हवरची (ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा ऑनलाइन संग्रह) तिथली जुनी वर्तमानपत्रं माझ्यासोबत चाळाल का? सामन्यागणिक नोंदी करतेय, दोघांनी तपासलेल्या बऱ्या.

आणखी एक. 1899 मध्ये त्याने मारलेली 'प्लेस किक' मोजली तेव्हा 107 यार्ड 2 फूट 1 इंच भरली, म्हणजे साधारण 98 मीटर. चेंडू जमिनीवर उभा करून मारायची ही किक आता खेळात दिसत नाही. तिला मराठीत काय म्हणावं? 'ठेवून मारलेली किक' लिहिलंय, पण मन भरत नाही.

अपडेट: 'मार्क'साठी, म्हणजे किक मारलेला चेंडू हवेतच पकडण्यासाठी, तुमच्यापैकी काहींनी 'झेल' सुचवलंत, आभार. पण इथे झेल घेतल्यावर कुणी बाद होत नाही, उलट झेलणाऱ्याला मोकळी किक मिळते. क्रिकेटवाले वाचक गोंधळतील, म्हणून 'मार्क'च ठेवते. गोलांच्या प्रश्नाची मात्र अजून वाट बघतेय. अंक पुढच्या आठवड्यात छपाईला जातोय.