कूपनं विकली की रिमोटची गाडी बक्षीस. मुलाला काय सांगू?

साताऱ्याची आई

नमस्कार. आम्ही साताऱ्यात राहतो. औषधांचं छोटं दुकान आहे, मी आणि नवरा आळीपाळीने बसतो. थोरला मुलगा दुसरीत, धाकटी पावणेतीन वर्षांची. जरा सविस्तर लिहिते, कारण तीन गोष्टी एकमेकींत गुंतल्या आहेत आणि मला त्या सुट्या करता येत नाहीत.

गेल्या सोमवारी थोरल्याच्या दप्तरातून कूपनांचं पुस्तक निघालं. २५ कूपनं, एकाचे २० रुपये. शाळेच्या दोन वर्गांवरचे पत्रे बदलायचेत, त्यासाठी निधी गोळा करताहेत. पत्रे खरंच गळतात, पावसाळ्यात वर्गात बादली ठेवलेली मी स्वतः पाहिली आहे. त्यामुळे पैसे द्यायला माझी अजिबात ना नाही. पण पुस्तकाच्या मागच्या पानावर रंगीत चित्र आहे. एक पुस्तक विकलं तर कंपास, तीन विकली तर रिमोटची गाडी.

ती गाडी पोराने बघताक्षणी ओळखली. मोठ्या चाकांची, उलटी झाली तरी पळणारी. व्हिडिओत बघितलेली. ते व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील, त्यात माणूस दिसत नाही, नुसते दोन हात. खोकं फोडायचं, गाडी बाहेर काढायची, चाक फिरवून दाखवायचं, की पुढचं खोकं. त्या खोक्यात स्टिकरचा कागद कुठे असतो हेसुद्धा त्याला पाठ आहे. गाडी आमच्या घरात कधी आलेलीच नाही.

व्हिडिओंची सवय माझ्यामुळे लागली. धाकटी पोटात असताना मला फार त्रास होत होता, थोरला जेवायचा नाही, मग मोबाइल समोर ठेवून भरवायला लागले. आता धाकटीसुद्धा मोबाइल दिसल्याशिवाय घास घेत नाही. परवा दुकानातून आले तर थोरल्याने जुनी खेळणी औषधांच्या रिकाम्या खोक्यांत भरून, वर चिकटपट्टी लावून आरशासमोर मांडली होती. एकेक खोकं फोडत "हॅलो दोस्तों, आज हम" असं हिंदीत चाललं होतं. घरात आम्ही कुणी हिंदी बोलत नाही. खोकं फोडून झालं की खेळणं बाजूला, लगेच दुसरं. धाकटी शेजारी बसून टाळ्या वाजवत होती. तिची आवडती कापडी बाहुली खोक्यातून निघाली आणि तशीच पालथी पडून राहिली, दोघांपैकी एकानेही उचलली नाही. मला ते बघून फार वाईट वाटलं.

तर गाडीसाठी पोरगं दोन दिवस गल्ली पालथी घालत होतं. एकेका आजींनी पाच-पाच कूपनं घेतली. बुधवारी शाळेतून आला आणि म्हणाला, "आई, ज्यांनी एकपण विकलं नाही त्यांना बाईंनी उभं केलं." चौघं उभी होती. त्यातल्या एका मुलीची आई आमच्याच गल्लीत चार घरची धुणीभांडी करते. ती मुलगी कूपन घेऊन कुणाच्या दारात जाणार? जिथे तिची आई काम करते त्याच घरांत माझा मुलगा कूपनं विकून आला होता.

नवरा म्हणतो, तीन पुस्तकांचे १५०० रुपये आपणच भरू आणि विषय मिटवू. सासूबाई म्हणतात, पोरगं चार लोकांत बोलायला धीट होतंय, कशाला अडवतेस? मला दोन्ही पटत नाही, पण मुलाला नेमकं काय सांगायचं तेही सुचत नाही. तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली होती का?

निवृत्त शिक्षिका

ताई, मी ३१ वर्षं प्राथमिक शाळेत शिकवलं आहे, म्हणून शाळेची बाजू आधी सांगते. अनुदानित शाळेत शिक्षकांचे पगार सरकारकडून होतात. पत्रे, वीजबिल, खडू, संडासाची दुरुस्ती हे सगळं वेतनेतर अनुदानातून करायचं असतं. ते तुटपुंजं असतं आणि वेळेवर येतही नाही. आम्हीसुद्धा लोकवर्गणीतून भिंती रंगवून घेतल्या आहेत. गावकऱ्यांनी सिमेंटची पोती दिली, कुणी नुसती मजुरी दिली. म्हणून शाळेने पैसे मागितले यात मला गैर वाटत नाही. पण मागायचे ते मोठ्यांनी मोठ्यांकडे.

आमच्या वेळी मुलांच्या हातात ७ डिसेंबरच्या ध्वजदिनाची तिकिटं यायची. सैनिकांच्या कुटुंबांसाठीचा निधी. तीही शाळेला ठरवून दिलेली असायची आणि पैसे कमी पडले की आम्ही शिक्षक पदरचे भरायचो. पण त्या तिकिटाच्या बदल्यात मुलाला काही मिळत नसे. तिकीट टाचणीने खिशाला लावायचं, एवढंच. पैसे कुणासाठी आहेत हे पहिलीतल्या मुलालाही सांगता येत होतं. तुमच्या मुलाला विचारून बघा, कूपनं कशासाठी आहेत? पत्र्यांसाठी म्हणतो की गाडीसाठी?

आता उभं करण्याबद्दल. हे मात्र अजिबात सोडू नका. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम १७ मध्ये मुलाला मारायला जशी बंदी आहे तशीच मानसिक त्रास द्यायलाही आहे. पैसे आणले नाहीत म्हणून सात वर्षांच्या मुलीला चाळीस मुलांसमोर उभं करणं हा मानसिक त्रासच आहे. त्याच कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेश देताना देणगी घेता येत नाही. इथे प्रवेशाचा प्रश्न नाही, वर्गणी ऐच्छिक आहे असं शाळा म्हणेल. मग ऐच्छिक म्हणजे खरोखर ऐच्छिक ठेवा असं आपण म्हणायचं.

तक्रार अर्ज वगैरे लगेच नको. दोन-तीन आया मिळून मुख्याध्यापकांना भेटा. वर्गशिक्षिकेवर चिडू नका, तिला बहुतेक वर्गाचा आकडा ठरवून दिलेला असणार. तीन गोष्टी मागा. वर्गात मोजणी बंद, पैसे पालकांनी कार्यालयात भरून पावती घ्यायची, आणि पत्र्यांचा खर्च किती झाला तो पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत मांडायचा. त्या मुलीचं नाव घेऊ नका, तिच्या आईला विचारल्याशिवाय तर नाहीच.

सावंतवाडीचो बाबा

ताई, मी खेळण्यांबद्दल बोलतो. शाळेचं बाईंनी सांगितलंच आहे.

बक्षिसाची गाडी घरी आली तर आधी तिचं खोकं बघा. १ जानेवारी २०२१ पासून आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या खेळण्यांवर आयएसआय मार्क सक्तीचा आहे, चौदा वर्षांखालच्या मुलांची खेळणी त्यात येतात. शाळेने घाऊक बाजारातून स्वस्तात आणलेल्या मालावर तो असेलच असं नाही. दुसरं म्हणजे सेल बसवायची जागा स्क्रूने बंद होते का ते बघा. तुमच्या घरात पावणेतीन वर्षांची मुलगी आहे.

आमच्या चितार आळीत लाकडी फळं, भाज्या, भातुकली अजून मिळते. पूर्वी पांगाऱ्याचं हलकं लाकूड वापरायचे. मी मुलीला लाकडी केळी, आंबे, मिरच्या आणून दिल्या. पहिले दोन दिवस तिने ढुंकून पाहिलं नाही, कारण त्यात दिवा नाही, आवाज नाही. तिसऱ्या दिवशी आजीबरोबर बाजार मांडला. आता रोज संध्याकाळी मला तिच्याकडून उधारीवर मिरच्या घ्याव्या लागतात आणि हिशेब ती दरवाजावर खडूने लिहून ठेवते. पण दोन दिवस धीर धरावा लागतो, हे आधीच सांगतो. आणखी एक, घरातली अर्धी खेळणी माळ्यावर टाका आणि पंधरा दिवसांनी अदलाबदल करा. नवीन काही आणायची गरज लागत नाही.

व्हिडिओ मी पूर्ण बंद केले नाहीत, जमलं नसतं. मोबाइलवरून टीव्हीवर आणले, आपोआप पुढचा व्हिडिओ लागतो ते बंद केलं. आणि खेळणी फोडण्याचे काढून वस्तू बनवण्याचे लावले. कुंभार मडकं करतो, लोहार कोयता घडवतो, असे. एक व्हिडिओ संपला की ती उठते आणि चिखल शोधायला जाते. अंगण घाण होतं, पण होऊ दे.

न्यू जर्सीतली मावशी

इथे अमेरिकेत हा प्रकार फार जुना आहे. सप्टेंबरात शाळा सुरू झाली की पुस्तिका घरी येते, भेटवस्तूंचे कागद, चॉकलेट, कुकीचं तयार पीठ. कंपनीचा माणूस शाळेत येऊन सगळ्या मुलांना एकत्र बसवून बक्षिसं दाखवतो. माझी मुलगी किंडरगार्टनमध्ये असताना एका चमकणाऱ्या किचेनसाठी रात्रभर रडली होती. आम्ही नवीन आलेलो, ओळखीचं कुणी नाही, ती विकणार कुणाला? तिच्या बाबांच्या ऑफिसातल्या लोकांनी घेतलं. म्हणजे ज्याच्या बाबाचं ऑफिस मोठं त्याचं किचेन मोठं.

नंतर आमच्या शाळेच्या पालकांनी ते बदललं. मुलांनी महिनाभर वाचायचं, ज्याला पैसे द्यायचे त्याने बंद पाकिटात द्यायचे, आणि कुणी किती दिले ते वर्गात सांगायचं नाही. शेवटी सगळ्यांना मिळून एक पायजमा पार्टी. पाकिट रिकामं असलं तरी पार्टी मिळते.

व्हिडिओंबद्दल एकच सांगते. २०१९ मध्ये इथल्या सरकारने मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल यूट्यूबला १७ कोटी डॉलरचा दंड केला. त्यानंतर २०२० पासून लहान मुलांच्या व्हिडिओंवर मुलाच्या सवयी बघून दाखवलेल्या जाहिराती बंद झाल्या, कॉमेंट बंद झाल्या. म्हणून पालकांना वाटतं आता ठीक आहे. पण खोकं फोडण्याचा आख्खा व्हिडिओच जाहिरात असतो, तो कोण बंद करणार? दोन ते पाच वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, असं भारतातले बालरोगतज्ज्ञही सांगतात. जेवताना नको, हे आमच्या डॉक्टरांनी फार कळकळीने सांगितलं होतं. पहिले चार दिवस मुलगी अर्धपोटी उठेल. उठू द्या.

साताऱ्याची आई

सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, तुम्ही सेलचं लिहिलंत आणि मी त्याच रात्री उठून घरातल्या खेळण्यांच्या टोपल्या तपासल्या. जानेवारीत पालच्या यात्रेत घेतलेली एक गाडी आहे, अजून तिच्या चाकांच्या खोबणीत भंडाऱ्याची पिवळी रेघ आहे. तिच्या छोट्या रिमोटचं झाकण नुसतं नखाने निघालं आणि सेल माझ्या तळहातावर पडला. नाण्यासारखा चपटा, सीआर २०३२. हाच सेल मी दुकानात साखर तपासायच्या मशीनसाठी रोज विकते. गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला लागतं, हे मी गिऱ्हाइकांना सांगते. आणि माझी मुलगी महिनाभर तो रिमोट तोंडात घालून फिरत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. ज्यांच्या घरी अशी खेळणी आहेत त्यांनी आजच बघा, आणि सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी काढायचा प्रयत्न न करता सरळ हॉस्पिटल गाठा.

शाळेचं सांगते. बाई, तुम्ही म्हणालात तसंच मुलाला विचारलं, कूपनं कशासाठी? "गाडीसाठी," एका दमात उत्तर. मग त्याला घेऊन शाळेच्या मागच्या बाजूने फिरले आणि पत्र्याची भोकं खालून दाखवली. त्याने मोजली, सतरा. नंतर त्याने विचारलं, "मग गाडीच्या पैशांत किती पत्रे आले असते?" मला उत्तर देता आलं नाही.

शनिवारी आम्ही तिघी मुख्याध्यापिकांना भेटलो. बाई, तुमचा अंदाज बरोबर निघाला, वर्गागणिक आकडा दिलेला होता. मुख्याध्यापिकांनी ऐकून घेतलं. वर्गातली मोजणी बंद झाली, आता पैसे बंद पाकिटात पालकांनी कार्यालयात द्यायचे. हिशेब बैठकीत मांडू म्हणाल्या. बक्षिसं मात्र आधीच आणून ठेवलीत, ती रद्द होणार नाहीत.

थोरल्याची ३१ कूपनं विकून झाली होती. पुढची विकायची की नाही ते तू ठरव, असं मी सांगितलं. "नको," म्हणाला. पण रात्री पांघरुणात तोंड घालून रडला. मी नवऱ्याला १५०० भरू दिले नाहीत. ५०० पत्र्यांसाठी म्हणून वेगळे पाकिटात दिले, कूपन न घेता. बरोबर केलं की चुकलं, अजून कळत नाही.

जेवणाचं म्हणाल तर आज पाचवा दिवस. धाकटीने काल दोन घास वरणभात खाल्ला आणि ताट ढकललं. आज अर्धी पोळी गुळाबरोबर, खिडकीत बसून, समोरच्या पत्र्यावरची खार बघत.

आणि त्या मुलीची आई. काल नळावर भेटली. मी काही विचारलं नव्हतं, शाळेत भेटायला गेलो होतो हे तिला कुणीतरी सांगितलं असावं. म्हणाली, "ताई, एक कूपन मी घेणारच होते. माझा पगार पाच तारखेला होतो, बाईंनी तीन तारखेलाच उभं केलं."

दादा, चितार आळीतले दुकानदार पार्सल पाठवतात का? लाकडी भाज्या हव्या आहेत, शक्यतो दोन संच.