लिफ्टमधला कागद

सेक्रेटरी: लिफ्टच्या आरशावर "नवीन प्रोजेक्टमध्ये टू बीएचके, प्लॉट, भाड्याने घर, सर्व व्यवहार करून मिळतील" असा कागद कुणी चिकटवलाय?? फेव्हिकॉलने लावलाय. ज्याचा असेल त्याने काढा.

समीर बी-२०४: काका माझाच, सॉरी, सेलोटेप संपलेली. पावसात हॉटेलवर काम नसतं म्हणून म्हटलं फ्लॅटची कामं करून बघू. लायसन लागतं का हो त्याला? इन्शुरन्सवाल्यांसारखी परीक्षा असते काय?

वकील वहिनी ए-३०१: समीर, रेरात (घरं-प्लॉटच्या विक्रीवर नजर ठेवणारं सरकारी प्राधिकरण) नोंदलेल्या प्रोजेक्टमधला फ्लॅट किंवा प्लॉट कमिशन घेऊन विकायचा तर आधी एजंट म्हणून नोंदणी लागते, रेरा कायदा २०१६, कलम ९. नुसती गाठ घालून दिलीस आणि पैसे घेतलेस तरी तू एजंटच. नोंदणीशिवाय केलंस तर दिवसाला १० हजार दंड, वाढत जाऊन त्या घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत. नंबर मिळाला की प्रत्येक व्यवहारात तो लिहायचा

समीर बी-२०४: बापरे. आणि भाड्याचं?

वकील वहिनी ए-३०१: भाड्याला रेरा नाही, तो विक्रीपुरता. मालकाला भाडेकरूचं पोलीस व्हेरिफिकेशन मात्र करायला सांग

सी-१०३: म्हणजे आमचा वॉचमन सुटला, तो भाड्याचा फ्लॅट दाखवताना पंखा चालू करायचे पण पैसे घेतो हाहा

ए-१०१: माझा भाचा ठाण्याला हेच करतो, तिकडे २०२३ पासून ट्रेनिंग आणि परीक्षा सक्तीची केलीय, पास झालाय तो. त्याचं सर्टिफिकेट गोव्यात चालेल ना

वकील वहिनी ए-३०१: नाही चालणार दादा, नोंदणी त्या त्या राज्यापुरती. इथे विकायचं तर गोवा रेराकडे वेगळी.

काकी बी-००२: समीर पुता, लायसन घे रे, पण आधी एक-चौदा, म्हणजे आपला गोव्याचा जमिनीचा उतारा, वाचायला शीक. आम्ही फोंड्याजवळ प्लॉट बघितलेला, एजंट एकदम गोड बोलणारा, कार्डावर रेराचा नंबर छापलेला, आम्ही टोकन देऊन मोकळे, आणि मग कळलं की जमीन अजून म्हाताऱ्याच्या नावावर, तो वारून किती वर्षं झाली, इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांची कायदेशीर वाटणी, केलेली नाही, सहा भावंडं सगळी लग्न झालेली, आणि आपल्याकडे पोर्तुगीज काळापासून नवऱ्याबरोबर बायकोची पण सही लागते ना, म्हणजे बारा सह्या, त्यातली एक सून लिस्बनला आणि ती घरातल्या कुणाशी बोलत नाही!! एजंट म्हणतो काकी अकरा सह्या आहेत, एकच राहिलीय

ए-१०१: अकरा 😂 टोकन मिळालं परत?

काकी बी-००२: अर्धं. तेही ह्यांनी त्याच्या दारात जाऊन बसल्यावर

वकील वहिनी ए-३०१: काकी बरोबर बोलतात. नोंदणीचा अर्ज भरणं सोपं आहे, सनद (जमीन बिगरशेती केल्याचा दाखला) आहे का, झोन काय, नावं कुणाची, हे बघायला तिथे कुणी शिकवत नाही. आणि समीर, तुझ्या कागदावरचा प्रोजेक्ट नोंदलेला आहे ना?

समीर बी-२०४: बिल्डर म्हणाला नंबर येतोय, तोवर बुकिंग घेत रहा

वकील वहिनी ए-३०१: अजिबात घेऊ नको. नोंदणीआधी जाहिरात पण करता येत नाही. किती फ्लॅट आहेत?

समीर बी-२०४: २४

वकील वहिनी ए-३०१: मग सूट पण नाही. जमीन ५०० चौरस मीटरच्या आत किंवा फ्लॅट ८ पर्यंत असते तर गोष्ट वेगळी. आणि नोंदणी लागणारा प्रोजेक्ट नोंदणीशिवाय विकायचा नाही हे एजंटलाही बंधन आहे, कलम १०. बुकिंगचे पैसे कुणाचे घेतलेस का?

समीर बी-२०४: नाही हो, आईशप्पथ. दोघांचे फोन आले फक्त, त्यातला एक आपला वॉचमन, अर्धं कमिशन मागत होता

सेक्रेटरी: ते तुमचं रेरा नंतर बघा, आधी आरसा

समीर बी-२०४: काका ब्लेडने पण निघत नाही. फोन नंबर तेवढा खरवडलाय