मदत हवी आहे: ओट्याचा उतार उलटा, ठेकेदार गायब आणि महालक्ष्म्या तोंडावर

नमस्कार मंडळी,

नागपुरात सक्करदऱ्याकडे सासऱ्यांनी बांधलेलं आमचं जुनं घर आहे. त्याचं स्वयंपाकघर नव्याने करायला काढलं ते अक्षय तृतीयेनंतर. 'पावसाच्या आत देतो' हा ठेकेदाराचा शब्द. आता श्रावण निम्मा सरला आणि आम्ही सहा माणसं अजून मागच्या पडवीत एका शेगडीवर रांधतो आहोत. पाऊस तिरपा आला की कुकर छत्रीखाली. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात. चाळीसेक पानं, सोळा भाज्या, आंबील, पुरण. हे काही पडवीत व्हायचं नाही.

जुना कडप्प्याचा ओटा काढून काळा ग्रॅनाइट टाकला, खाली ट्रॉल्या, भिंतीला पांढऱ्या टाइल्स, चिमणी, नवीन सिंक. शेजारच्या काकू बघून 'झालं की सगळं!' म्हणून गेल्या. दिसायला झालंच आहे.

पण ओट्यावर पाणी सांडलं की ते सिंककडे न जाता आधी मागे भिंतीकडे आणि तिथून गॅसकडे जातं. सासूबाईंनी पहिल्याच दिवशी वाटीभर पाणी ओतून दाखवलं, आम्ही सगळे रांगेत उभे राहून बघत होतो. नंतर मी लेव्हलच्या नळीने मापलं. सात फुटांत गॅसची बाजू सिंकपेक्षा जवळजवळ ५ मिलिमीटर खाली. ठेकेदार म्हणाला, "ताई, पुसून घ्यायचं." तो त्याचा शेवटचा सल्ला, त्यानंतर फोन उचलत नाही.

शिवाय सिंकखालच्या ट्रॉलीचं प्लाय मागच्या बाजूने फुगलं आहे, पाणी कुठून येतं ते कळत नाही. टाइल्सवर नाणं वाजवलं तर बऱ्याच ठिकाणी पोकळ आवाज येतो. आणि ट्रायल म्हणून एकदाच पोहे केले, तर फोडणी उडून टाइल्सच्या मधल्या रेघा पिवळ्या झाल्या, त्या घासून जात नाहीत.

मनासारखं एकच झालं: सिलिंडर आता दिसत नाही, ओट्याखाली घट्ट दाराच्या कपाटात गेला.

ठरलेल्या रकमेतले १० टक्के अजून आमच्याकडे आहेत. ओटा न उखडता उतार दुरुस्त होतो का? दुसरे दोन मिस्त्री बघून गेले, दुसऱ्याच्या कामाला हात लावायला तयार नाहीत. नवरा म्हणतो चालवून घेऊ. सासूबाई काही म्हणत नाहीत, फक्त येता-जाता वाटीभर पाणी ओततात.

प्रतिसाद

ग्रॅनाइटखाली काय आहे ते आधी बघा. ट्रॉली बाहेर काढून खालून टॉर्च मारा. नुसत्या उभ्या कडप्प्यांवर सिलिकॉनने टेकवलं असेल तर उचलून पॅकिंग देता येतं. पण खाली आडवा कडप्पा आणि त्यावर सिमेंटचा थर असेल तर विसरा. सिंकसाठी कापलेल्या जागेच्या पुढे-मागे दगड जेमतेम अडीच-तीन इंच उरतो, उचलताना नेमका तिथेच तडकतो.

पाणी कुठून येतं ते शोधायला सगळं कोरडं पुसा, सिंकखाली वर्तमानपत्र अंथरा. सिंकला बूच लावून काठोकाठ भरा आणि अर्धा तास थांबा. कागद कोरडा असेल तर बूच काढून पाणी सोडा. आता भिजला तर जाळीखालची जोडणी किंवा पाइप. दोन्ही वेळा कोरडा राहिला तर ओट्यावर भिंतीलगत तांब्याभर पाणी ओता.

धागाकर्ती

आडवा कडप्पा आणि सिमेंटच निघालं. चाचणीही केली. सिंक भरला, सोडला, कागद कोरडा. भिंतीलगत पाणी ओतलं आणि पाचव्या मिनिटाला मागून थेंब! म्हणजे उलटा उतार आणि फुगलेलं प्लाय हे एकच दुखणं. भिंत आणि ग्रॅनाइट यांच्यामधली फट पांढऱ्या सिमेंटने भरलेली, तिला केसाएवढी भेग आहे.

प्रतिसाद

ताई, काहून टेन्शन घेता. आमच्याकडे मानेवाड्याला सेम झालं होतं. ती फट पूर्ण खरवडा, दोन दिवस वाळू द्या, मग सिलिकॉन भरा. नुसतं वरून फासलं तर महिन्यात सुटते. त्यावर भिंतीला तीन इंच उंच ग्रॅनाइटची पट्टी लावून घ्या, तिच्या बुडालाही सिलिकॉन. उतार तसाच राहील, वायपर मारावाच लागेल, पण पाणी खाली जाणार नाही. हे मिस्त्रीचं नाही, दगड कापणाऱ्या कारागिराचं काम आहे, म्हणून तर दोघं नाही म्हणून राहिले. फुगलेलं प्लाय वाळवून उपयोग नाही, बदलाच. नव्यावर आयएस ७१० चा शिक्का बघून घ्या, ते मरीन, म्हणजे पाण्याला टिकणारं. ३०३ मधलं एमआर ग्रेड, नुसती ओल सोसणारं, सिंकखाली कोणी लावते का बाप्पा!

ठेकेदाराचं म्हणाल तर पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इडापीडा घेऊन जाणाऱ्या मारबतीचा पुतळा निघतोच. घेऊन जा गे मारबत!

प्रतिसाद

महालक्ष्म्या म्हणजे आमच्या पुण्याकडच्या गौरीच ना? आमच्याकडे एवढ्या भाज्या नसतात. अवांतराबद्दल क्षमस्व.

प्रतिसाद

सगळे ओट्याबद्दल बोलत आहेत, मला ते सिलिंडरचं वाचून धस्स झालं. एलपीजी हवेपेक्षा जड असतो. गळला तर वर जात नाही, तळाशी साचतो. घट्ट दाराच्या कपाटात तो आतच कोंडून राहणार, खोलीत वास यायलाही उशीर होणार, आणि दार उघडल्यावर कुणी बटण दाबलं तर? कपाटाच्या दाराला अगदी तळाशी जाळी हवी, वरही हवी. आत सॉकेट किंवा स्विच असेल तर आजच काढून टाका. रबरी नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, भिंतीत किंवा ट्रॉलीमागे दडवलेली नको, आणि तिच्यावरची तारीख बघा, पाच वर्षांनी बदलावी लागते. ट्रॉली सरकताना नळीला घासते का तेही बघा. उतार नंतर, हे आधी.

धागाकर्ती

घासते. आत्ताच बघितलं. आणि आत एक सॉकेटही आहे, वॉटर प्युरिफायरसाठी म्हणून ठेकेदाराने 'फ्री'मध्ये दिलेलं. हात कापतोय लिहिताना. रेग्युलेटर बंद केला आहे, सकाळी एजन्सीच्या मेकॅनिकला आणि वायरमनला बोलावते.

प्रतिसाद

टाइल्स मे महिन्यात लावल्या का? पंचेचाळीस अंशांत आपल्याकडे माल कालवता कालवता सुकतो. भिंतीच्या साध्या सिरॅमिक टाइल्स लावण्याआधी पाण्यात भिजवाव्या लागतात, नाहीतर त्या मालातलं पाणी ओढून घेतात आणि सिमेंटला पकड येत नाही. त्यात लावल्यावर पाणी मारलं नसेल तर बघायलाच नको. कोपऱ्यातल्या थोड्या पोकळ असल्या तर राहू द्या. गॅसमागच्या मात्र बदला, तिथे रोज तापून-थंडावून त्याच आधी सुटतात.

पिवळ्या रेघांना औषध नाही. पांढरं सिमेंट हळद पिऊन टाकतं. रेघा खरवडून इपॉक्सी ग्राउट भरा, महाग आहे पण डाग धरत नाही. भरल्या भरल्या टाइल्स पुसून घ्यायला लावा, वाळल्यावर ते निघता निघत नाही. आणि सिमेंटचे डाग काढायला कोणी ॲसिड आणलं तर हाकलून द्या. खाली कोटा फरशी असेल तर चट्टे पडतील, कोटा चुनखडीचाच दगड.

पैशांचं: फोटोंसकट कामांची यादी ठेकेदाराला तारीख घालून पाठवा, आठ दिवस द्या, नाही आला तर त्या १० टक्क्यांतून दुसऱ्याकडून करून घेऊन पावत्या जपा.

धागाकर्ती

सर्वांचे आभार, दहा दिवसांनी लिहिते आहे. नळी बदलली, सॉकेट काढलं. सिलिंडरच्या कपाटाचं दार सध्या बिजागरीतून काढून भिंतीला टेकवून ठेवलंय. जाळीच्या दाराचं माप लकडगंजातला सुतार घेऊन गेला, पोळ्यानंतर देतो म्हणतो. ठेकेदाराला यादी पाठवली, दोन निळ्या रेघा आल्या, उत्तर नाही.

ग्रॅनाइटची पट्टी काल बसली. सासूबाईंनी वाटी ओतली. पाणी गॅसकडे गेलं, पण खाली थेंब नाही. "ठीक," म्हणाल्या आणि स्वतः वायपर मारला. नवरा म्हणतो, हे तो आधीपासून सांगत होता.

आता गॅसमागच्या सहा टाइल्स तेवढ्या राहिल्या. उरलेल्या जास्तीच्या टाइल्स ठेकेदार घेऊन गेला, आणि दुकानदार म्हणतो ती बॅच संपली, नवीन पांढरा थोडा निळसर येतो. तेवढ्या सहा मुद्दाम वेगळ्या रंगाच्या लावल्या तर वाईट दिसेल का? कोणी केलं असेल तर फोटो टाका.