बालाघाटात गाडी-ते-गाडी बोलायला काय घ्यावं? आधी वॉट बघायचे की अँटेना?

बालाघाटी_जीप:
पावसाळ्यात पाटोदा-आष्टीच्या पट्ट्यात आमच्या पाच गाड्या निघतात. दरीत उतरलं की मोबाइलची रेंज संपली. मागची गाडी काळ्या मातीत रुतलेली असते, अन् पुढचा वळण ओलांडून गेलेला असतो. ग्रुपचं म्हणणं, ऑनलाइन मिळणारे 25 वॉटचे रेडिओ संच मागवू. माझा विरोध आहे. 5 वरून 25 वॉटवर गेलात तर वाढ 7 डेसिबलची, म्हणजे सिग्नल मीटरवर एका खुणेहून थोडी जास्त. मध्ये डोंगर आला तर तेवढ्यानं काय होणार? तेच पैसे चांगली अँटेना, जाड केबल अन् एसडब्ल्यूआर मीटरवर (अँटेनाकडून किती ताकद परत फिरते ते दाखवणारा) घाला. पाच मीटर पातळ आरजी-58 केबल यूएचएफवर (साडेचारशे मेगाहर्ट्झच्या आसपास) दीड-दोन डेसिबल नुसती गिळून टाकते.

काळीमाती_4x4:
कागदावर बरं दिसतंय भाऊ. चिखलात विंच (गाडी ओढून काढायचं दोराचं यंत्र) लावलेला असताना मागच्या गड्याला "थांब" म्हणलेलं एकदाच ऐकू गेलं पाहिजे. तुटक आवाजात "सोड" ऐकू आलं तर? वॉट जास्त असले की आवाज स्वच्छ. अँटेना काय, चुंबकवाली टपावर ठेवली की झालं.

खुलताबादकर:
विंचच्या वेळी दोघं वीस-पंचवीस मीटरवर असतात, तिथं अर्धा वॉटसुद्धा भरपूर. अन् ते 25 वॉटचे संच परवान्याशिवाय वापरता येत नाहीत, हे कुणी बोलतच नाही. 2018 च्या नियमांनी वॉकीटॉकीला परवान्यातून सूट दिली ती 446.0 ते 446.2 मेगाहर्ट्झ एवढ्याच पट्ट्यात. त्यातही संचाला ईटीए, म्हणजे त्या उपकरणाला सरकारी मंजुरी, लागते. 2025 च्या मे महिन्यात ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं असल्या विक्रीवरून ऑनलाइन दुकानांना नोटिसा काढल्या. ऑनलाइन मिळतो म्हणून तो कायदेशीर झाला, असं नसतं.

बालाघाटी_जीप:
कायद्याचं मान्य. पण मग माझीच अडचण होऊ लागली. 446 च्या संचाला अँटेना अंगातच बसवलेली, काढून बाहेरची लावायची सोय नाही. पत्र्याच्या गाडीत बसून बोललं की निम्मा जीव तिथंच जातो. खिडकीतून हात बाहेर काढून बोलायचं का?

खुलताबादकर:
काढायचा की! घाटाच्या माथ्यावर गाडी उभी करायची, खाली उतरून बोलायचं. अर्धा वॉट असला तरी समोर मोकळं असेल तर दोन-तीन किलोमीटर सहज जातो. ड्रायव्हरनं चालवता चालवता गप्पा मारायची हौस सोडावी.

लातूरचा_हॅम:
हे अर्धवट उपाय झाले. सरळ परीक्षा द्या अन् हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा, परवाना काढा. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला, म्हणजे खालच्या वर्गाच्या परवान्याला, मोर्सची कट्ट-कडकट्टही लागत नाही. 144 ते 146 मेगाहर्ट्झवर पाव तरंगलांबीची (एका लहरीच्या लांबीच्या चौथाईएवढी) अँटेना साधारण 50 सेंटिमीटरची, फांद्यांत अडकली तरी वाकून परत सरळ होते. बाहेरची अँटेना, गाडीतला संच, सगळं रीतसर. 1993 ला किल्लारीच्या भूकंपात हॅमवाल्यांनी निरोप पोचवले होते, आमच्या जिल्ह्यात ही विद्या काही परकी नाही.

काळीमाती_4x4:
पाचही ड्रायव्हरांनी अभ्यास करायचा? आमच्यातल्या एकानं दहावीनंतर पुस्तक उघडलेलं नाही हो. अन् परवाना प्रत्येकाचा वेगळा, एकाच्या नावावर सगळे बोलू शकत नाहीत ना?

लातूरचा_हॅम:
बोलणाऱ्याकडे स्वतःचा परवाना पाहिजे, दुसऱ्याचं नाव घेऊन चालत नाही. म्हणून निदान पुढच्या अन् शेवटच्या गाडीतल्या दोघांनी तरी काढावा. मधल्यांना 446. धंद्याच्या सहली काढत असाल तर मात्र हॅम विसरा, पैसे घेऊन चालवलेल्या टूरसाठी तो वापरता येत नाही.

गौताळा_भटक्या:
एक राहिलं. बालाघाटी, तुमच्या "चांगल्या अँटेने"लाही माझा आक्षेप आहे. लोक जास्त गेनची (ताकद एकाच बाजूला एकवटणारी) लांबलचक काठी घेतात. गेन वाढला की लहरी जमिनीला समांतर, चपट्या पट्ट्यात जातात. सपाट माळरानावर ठीक. पण एक गाडी माथ्यावर अन् दुसरी औट्रम घाटाच्या पोटात असली तर ती पट्टी डोक्यावरून निघून जाते. डोंगरात साधी पाव तरंगलांबीचीच बरी.

बालाघाटी_जीप:
हे पटलं. पण माझी थार कापडी टपाची. पाव तरंगलांबीला खाली पत्रा लागतो, तो आणू कुठून? चुंबक तर चिकटणारच नाही.

गौताळा_भटक्या:
बॉनेटच्या बिजागराला पट्टी ठोकून तिथं लावा. एका बाजूला पत्रा जास्त, म्हणून त्या दिशेला जरा जास्त लांब जाईल. पट्टीखालचा रंग खरवडून धातूला धातू लागू द्या, नाहीतर एसडब्ल्यूआर 3 च्या वर जाऊन संचच तापायचा. दीडच्या आत आणा, मग पाहिजे तेवढं बोला.

काळीमाती_4x4:
नवी गाडी अन् रंग खरवडायचा म्हणू लागलात! वॉरंटीवाला काय म्हणेल ते सांगा आधी.